बायकांचं गेट दहा मिनिटं आधी

त्या पिक्चरचं नाव मी सांगणार नाही. ज्याने तो काढला त्याची फुकटची जाहिरात माझ्या तोंडून व्हायची नाही. माझा राग असाच आहे. एकदा धरला की चाळीस वर्षांनीही सोडत नाही, आणि हा तर आत्ताच्या मार्चमधला आहे.

मंठ्यात आज जिथं मंगल कार्यालय आहे तिथं पूर्वी टॉकीज होती, अप्पाराव शेठची. बायकांना बसायला डाव्या हाताला वेगळी जागा, मध्ये छातीएवढी भिंत, आणि बाहेर पडायला बोळात उघडणारं वेगळं गेट. त्या गेटवर मैमूनाखाला असायची. तिकिटं फाडायची, रडणारी लेकरं बाहेर नेऊन गप्प करायची, आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या टग्यांच्या टाळक्यात टॉर्च घालायची. तिचे मालक याकूबचाचा वरच्या केबिनमध्ये मशीन चालवायचे. खाली खाला, वर चाचा, असा त्यांचा संसार टॉकीजमध्येच चालायचा म्हणा ना.

टॉकीजचा एक नियम होता. पिक्चर संपायला दहा मिनिटं राहिली की अप्पाराव शेठ पितळी तबकडीवर एक टोला द्यायचे. टोला पडला की बायकांचं गेट उघडायचं आणि आम्ही सगळ्या उठायचो. सगळं गाव त्या बोळातून एकदम बाहेर पडलं तर बायापुरुषांची गर्दी एक होईल, म्हणून बाया आधी. हा नियम होता म्हणूनच घरचे आम्हाला पिक्चरला पाठवायचे, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. पण त्याचा अर्थ असा झाला की मंठ्यातल्या एकाही बाईने कुठल्याही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. नायिकेवर आळ घेतलेला आम्ही पाहायचो, तिला झिंज्या धरून उंबऱ्याबाहेर काढलेलं पाहायचो. मग ती पदर खोचायची, हातात विळा नाहीतर कुऱ्हाड घ्यायची, डोळ्यांत अंगार आणून उभी राहायची, आणि ठण्ण. चला उठा. रडायला आम्ही पुरते अडीच तास, आणि हिशेब चुकता व्हायच्या वेळेला बाहेर.

शेवट आम्हाला मैमूनाखाला सांगायची, दुसऱ्या दिवशी दुपारी, हापशावर. घागर भरली तरी कुणी हलायचं नाही. खालाचे शेवट म्हणजे काय सांगू! तिच्या शेवटात हिरो कधी वेळेवर पोचायचाच नाही. पोलीस तर त्याच्याही मागून यायचे. जे काय करायचं ते नायिका एकटी करायची, आणि करून झाल्यावर असं एक वाक्य बोलायची की हापशावरच्या सगळ्या बाया ते घरी घेऊन जायच्या.

पुढं घरोघरी टीव्ही आला आणि हेच पिक्चर आम्ही शेवटापर्यंत पाहायला लागलो. बघतो तर हिरो वेळेवर हजर! आमची मैत्रीण उषाबाई चिडून याकूबचाचांकडे गेली. चाचांनी शांतपणे सांगितलं, "टीव्हीवाले कापून राह्यले सगळं. त्यांला बाई जिंकलेली चालत न्हाई, म्हणून दुसरा शेवट जोडतात. खरा शेवट मी चालवायचो." वीस वर्षं मशीन चालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर संपलंच. सबंध मंठ्याच्या बायकांनी ते खरं मानलं. मी तर एका वाहिनीला कडक शब्दांत पत्र लिहिलं होतं, आमचे शेवट परत करा म्हणून. उत्तर आलं नाही. आलं असतं तर काय आलं असतं, याचा विचार करून आता मला घाम फुटतो.

तर तो पिक्चर. मी पंधरा वर्षांची होते. नायिकेचं नाव गोदा. सासरचे तिला घराबाहेर काढतात आणि तिची तान्ही लेक ठेवून घेतात. गोदा खदानीवर दगड फोडते. वर्षं जातात. शेवटी ती खदानीतला घण खांद्यावर टाकून सासरच्या दारात येऊन उभी राहते. दार बंद. ती घण उचलते. ठण्ण.

दुसऱ्या दिवशी खालाने सांगितलं, "धाडकन दार फुटलं. सासू मटकन खाली बसली. नवरा पुढं आला, म्हणला, गोदा, झालं गेलं जाऊ दे, ये घरात. गोदा काय म्हणली ठावं हाय? म्हणली, घरात यायला न्हाई आले. माझी लेक न्यायला आले." एवढं बोलून खालाने आपली घागर कमरेवर घेतली आणि गोदा निघून जाते तशी निघून गेली. आम्ही तिच्या पाठीकडे बघत बसलो.

माझं लग्न भोकरदनकडच्या केदारखेड्यात झालं. सासरच्यांना मी तोंडाळ वाटायचे, ते काही खोटं नव्हतं. चार वर्षांत त्यांचा जीव मेटाकुटीला आला. एक दिवस माझी पिशवी बाहेर ठेवली आणि तीन वर्षांच्या मीनाला आत ओढून घेतलं. लेकरू आमच्या घरचं आहे, म्हणाले. वडील दोनदा जाऊन हात जोडून आले. भावकी बसली, चहा पिऊन उठली. असे चार महिने गेले. चार महिन्यांत मी एक शब्द बोलले नाही, यावरून काय अवस्था असेल ते समजा.

मग एका सकाळी मी एकटीच एसटीत बसले. घण कुठून आणणार, म्हणून पिशवीत खलबत्त्यातला बत्ता टाकला होता. केदारखेड्याला सासरच्या दारासमोर उभी राहिले. दार बंद होतं. बत्ता पिशवीतून काढायचं भानही राहिलं नाही. दार उघडून नवरा पुढं आला, मागं सासू. त्याने आवाज खाली करून म्हटलं, "तमाशा करू नको, ये घरात." आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. घरात यायला न्हाई आले. माझी लेक न्यायला आले.

रडणारी सून त्यांना माहीत होती, भांडणारी तर रोजचीच होती. ही तिसरीच कुणीतरी दारात आली होती. सासू बाजूला झाली. तिच्या मागून मीना धावत आली, एकाच पायात चप्पल. दुसरी शोधायला मी थांबले नाही. ती अजून केदारखेड्यातच आहे.

त्यानंतर मी मंठ्यात शिवणकाम केलं, मीनाला शिकवलं. मीना आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला लहानपणापासून मी सांगत आले, तुला एका पिक्चरने आणलंय. तो पिक्चर मात्र टीव्हीवर कधी लागला नाही. या फेब्रुवारीत मीना नाचतच घरी आली. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला होता, अख्खा. तिने लगेच बचत गटाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. महिला दिन, दुपारी तीन, मंगल कार्यालयात, शाळेचा प्रोजेक्टर, पिक्चर शेवटासकट, आणि प्रमुख पाहुण्या मैमूनाखाला. कार्यालय अप्पाराव शेठच्या नातवाने, हरिओमने, विनाभाडे दिलं. आजोबांच्या वाटची दहा मिनिटं परत करतो, म्हणाला. पोरगा बरा आहे.

आदल्या दिवशी दुपारी मला राहवेना. मशीनवर ब्लाउज तसाच ठेवून मी मोबाइलवर तो पिक्चर काढला आणि बोटाने थेट शेवटाला नेला.

गोदा घण उचलते. दार उघडतं. दारात नवरा. त्याला बघून हिच्या हातातला घण गळून पडतो. तेवढ्यात दीर बंदूक घेऊन येतो, नेम नवऱ्यावर. गोदा मध्ये पडते. धाडकन गोळी. मग ती नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून सांगते की माझ्या कपाळी कुंकू लावा, मी सुखाने जाते. तो लावतो. सासू रडते. गाणं. लेकीचं काय झालं ते दाखवलेलंच नाही. बहुतेक दिग्दर्शक विसरला.

मी कात्री फेकली. नेम कशाचाच नव्हता, पण कपाटाचा आरसा गेला. पहिला राग खालावर आला. एवढी मोठी थाप! मग थोडं पाणी प्याले आणि भीती वाटायला लागली. ज्या वाक्याच्या जोरावर मी केदारखेड्याच्या दारात उभी राहिले ते वाक्य कुठं नव्हतंच. आणि उद्या दोनशे बायांसमोर, पुढच्या खुर्चीत बसवून, आम्ही म्हाताऱ्या खालाला खोटं पाडणार होतो. हार घालून.

मी तशीच तिच्या घरी गेले. तिची नात सबा तिच्या हातावर मेंदी काढत होती. पंचाहत्तरीच्या बाईला कार्यक्रमासाठी मेंदी! मला बघून खाला लाजली.

"खाला, त्या पिक्चरचा शेवट तुला बराबर आठवतो ना?" मी अंदाज घेतला.

"आठवायला मी पाह्यला कुठं?"

"म्हणजे?"

"अगं, टोला पडला की तुमा सगळ्यांला बोळाच्या तोंडापर्यंत कोण नेऊन सोडायचं? टॉर्च माझ्याच हातात ना. तुम्ही पांगेपर्यंत आत खेळ खतम. इतकी वर्षं नौकरी केली, एक शेवट पाह्यला न्हाई मी. उद्या पैल्यांदा पाहीन." तिने मेंदीचे हात हवेत धरले होते आणि चेहरा असा, की ईदच्या आदल्या दिवशीचं लेकरू.

"मंग आम्हाला सांगायचीस कशी?"

"आवाज यायचा ना भिंतीतून. शब्द कळायचे न्हाईत, आवाज कळायचा. धाडकन झालं का समजायचं, दार फुटलं. बाई रडून राह्यली का समजायचं, सासू हाय. आपली पोरगी कामून रडंल? तिच्या हातात तर घण होता. बाकीचं मी जुळवायची. तुम्ही इतक्या आशेनं विचारायच्या, ठावं न्हाई कसं म्हणू?" मग जरा थांबून म्हणाली, "पण अंदाज कधी चुकला न्हाई हां माझा. घरी गेल्यावर जीशानच्या अब्बांना विचारायची, शेवट असाच हाय ना? ते म्हणायचे, बिलकुल असाच. अल्ला त्यांला जन्नत देवो, खोटं कधी बोलले न्हाईत."

जीशान तिचा मुलगा. जीशानचे अब्बा म्हणजे याकूबचाचा, जाऊन तीन वर्षं झाली. मी कशीबशी चहा पिऊन उठले. उद्या खालाच्या हातून नुसता शेवट जाणार नव्हता, चाचाही जाणार होते.

घरी येऊन मी मीनाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "गोदानं घण उचलला का पिक्चर बंद कर. जुन्या दिवसांची गंमत म्हणून आपण टोला देऊ आणि बायांना चहाला उठवू."

मीना माझ्याकडे बघत राहिली. शाळेतल्या पोरांकडे बघते तशी. "आई, तू पण तेच करणार? बायांनी शेवट पाहायचा न्हाई, हे अप्पाराव शेठनं ठरवलं होतं. आता तू ठरवणार?"

असा राग आला मला! कारण तिचं बरोबर होतं. तोंडाळपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय, आणि तो माझ्यावरच चालवते.

महिला दिनाला कार्यालय गच्च भरलं. दारं-खिडक्यांना लग्नातले पडदे लावून अंधार केला. खाला पुढच्या खुर्चीत, हिरवी साडी, गळ्यात हार. मी तिच्या शेजारी. पिक्चर सुरू झाला आणि दोनशे बाया जुन्यासारख्या रडायला लागल्या. तरण्या पोरी आधी हसत होत्या, गोदाची लेक ओढून घेतली तिथं त्याही गप्प झाल्या. मी एकदा मागं वळून पाहिलं. मीना प्रोजेक्टरपाशी उभी होती आणि नाक पुसत होती.

गोदाने घण उचलला. सगळ्या जुन्या बाया सवयीने पदर सावरून उठायच्या बेतात आल्या. टोला पडला नाही. त्या परत बसल्या.

धाडकन आवाज झाला. तो खालाच्या ओळखीचा होता. तिने मान डोलावली. मग तिने पडद्याकडे नीट पाहिलं. पुढची पाच मिनिटं तिने पापणी हलवली नाही. मी तिचा हात धरला.

गाणं संपलं, दिवे लागले. मग उषाबाई ताडकन उठली. "मीने, हा कोन्ता पिक्चर आणला? हा आपला न्हाई! इंटरनेटवाल्यांनी बी कापला का काय?"

"न्हाई कापला," खाला म्हणाली. खुर्चीचा दांडा धरून ती उठली आणि बायांकडे तोंड करून उभी राहिली. "हाच खरा हाय. मी कधी पाह्यलाच नव्हता. बाहेर उभी राहून ऐकायची आन् तुमाला मनानं सांगायची. माफ करा, बायांनो."

खालाने गळ्यातला हार काढायला हात वर नेला, आणि तसाच थांबवला. तिला आत्ता कुठं दुसरी गोष्ट लक्षात येत होती.

"जीशानच्या अब्बांनी तर पाह्यला होता," ती हळूच म्हणाली. "वरतून सगळं दिसायचं त्यांला." मग ती हिशेब घातल्यासारखं बोलत राहिली. "तीन आठवडे चालला हा पिक्चर. रोज दोन खेळ. रोज दोनदा त्या पोरीला मरताना पाहायचा माणूस. आन् घरी येऊन मला म्हणायचा, बिलकुल जिंकली. बराबर सांगितलं तू."

मला वाटलं, आता ही कोसळते. पण खाला हसली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतेय. "खोटारडा! टीव्हीवाल्यांचं बी त्यानंच उठवलं, बघा! जनमभर एका शब्दानं कळू दिलं न्हाई मला!" असं म्हणून मेंदीच्या हातांनी तिने तोंड झाकून घेतलं. बाया आधी बावरल्या, मग एकेक करून हसायला लागल्या, आणि उषाबाई तर हुंदके देऊन हसत होती. याकूबचाचांवर इतक्या बायकांनी एकदम जीव टाकलेला बघायला ते हवे होते.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. "खाला, पिक्चरमध्ये ते वाक्य न्हाई. मंग ते वाक्य कुणाचं होतं?"

"कोन्तं?"

"घरात यायला न्हाई आले ते. केदारखेड्यात मी बोलले ते."

खाला विचारात पडली. "माझंच असंल मंग," ती अपराध्यासारखी म्हणाली.

एवढ्यात मागून मीनाचा आवाज आला. तिने पिक्चर मागं नेऊन थांबवला होता. पडद्यावर गोदा, घण डोक्याच्या वर. "नानी, टोला पडलाय असं समजा," मीना म्हणाली. "आता तुम्ही सांगा."

खालाने आढेवेढे घेतले नाहीत. ती सरळ डाव्या हाताच्या दारापाशी गेली, जिथं तिचं गेट होतं, आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. तिने दार फोडलं. सासूला खाली बसवलं. नवऱ्याला पुढं आणून मऊ बोलायला लावलं. दीर आणि बंदूक तिच्या शेवटात आलेच नाहीत. "मंग गोदा काय म्हणली ठावं हाय?" असं विचारून ती थांबली आणि माझ्याकडे बोट केलं. "आता वंदा सांगंल. ती होती तिथं."

आयुष्यात इतकं बोलले मी, पण हे वाक्य दुसऱ्यांदाच. मीनाकडे बघत मी म्हटलं, "घरात यायला न्हाई आले. माझी लेक न्यायला आले." दोनशे बाया माझ्याबरोबर बोलत होत्या, हे मला नंतर कळलं.

"मंग?" पुढच्या रांगेतल्या एका लहान पोरीने विचारलं. "ती लेक आली का?"

ते खालाने कधीच सांगितलेलं नव्हतं. तिचा शेवट त्या वाक्यावर संपायचा. तिने एकदा मीनाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आली ना," खाला म्हणाली. "पळत आली. एकाच पायात चप्पल होती तिच्या."